मदत हवी आहे: जोड कापलेल्या मेंदूत 'मी' एक की दोन?

नमस्कार मंडळी. मेंदूविज्ञान किंवा मानसशास्त्र शिकलेलं कुणी इथे असेल तर एक गुंता सोडवायला मदत करा.

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात झटका एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नये म्हणून मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांना (गोलार्धांना) जोडणारा कॉर्पस कॅलोसम कधी कधी कापतात. सुमारे 20 कोटी तंतूंचा हा जोड! तरीही माणूस पुढे चालतो, बोलतो, रोजचे व्यवहार सांभाळतो.

फरक दिसतो तो प्रयोगात. नजरेच्या डाव्या बाजूचं दृश्य उजव्या गोलार्धाकडे जातं आणि डावा हातही तोच चालवतो; बोलणं मात्र बहुधा डाव्या गोलार्धाकडे असतं. रॉजर स्पेरी (1981चे नोबेल विजेते) आणि मायकेल गॅझॅनिगा यांनी नजरेच्या डाव्या बाजूला क्षणभर चित्र दाखवलं, की रुग्ण म्हणायचा 'काही दिसलं नाही', पण त्याचा डावा हात नेमकी तीच वस्तू शोधून काढायचा. एकाच्या उजव्या गोलार्धाला बर्फाचं दृश्य दाखवलं, डाव्याला कोंबडीचा पंजा. जुळणारं चित्र निवडायला सांगितल्यावर डाव्या हाताने (बर्फ उपसायचं) फावडं निवडलं. का? तर 'खुराडं साफ करायला'. उत्तर बेधडक!

बोलका डावा गोलार्ध असं कारण रचतो तेव्हा उजव्याला ते चुकीचं आहे हे कळत असेल का? 2017मध्ये संशोधक याइर पिंटो यांच्या गटाला आढळलं, की नजरेत कुठेही वस्तू असली तरी रुग्ण ते तोंडाने किंवा कुठल्याही हाताने सांगू शकतात. मग दोन स्वतंत्र जाणिवा ही कल्पना टिकते का? की मेंदूच्या खालच्या भागातले, न कापलेले जोड एवढं काम भागवतात?

मराठीत काही वाचण्यासारखं असेल तर जरूर सुचवा. फक्त 'डावा मेंदू हिशेबी, उजवा कलावंत' छापाचे लेख नकोत.