एआरटी सुरू होताच गाठ वाढली: गोळ्या थांबवाव्यात का?

पंचवटीकर: नाशिकरोडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही आणि क्षयरोग दोन्ही आहेत. क्षयरोगाच्या गोळ्यांनी ताप उतरला होता, भूकही लागू लागली होती. पण एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, सुरू होऊन तीन आठवडे होत नाहीत तोच मानेतली गाठ लिंबाएवढी झाली आणि ताप परतला. नव्या गोळ्या थांबवाव्यात का?

डॉक्टर, सिन्नर: कृपया स्वतःहून एकही गोळी थांबवू नका. एआरटीने विषाणू आटोक्यात आला की प्रतिकारशक्ती सावरते आणि शरीरातल्या क्षयजंतूंवर, अगदी मेलेल्यांच्या अवशेषांवरही, जोमाने तुटून पडते. त्यातून येणाऱ्या दाहाला आयरिस म्हणतात. सीडी-फोर पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, फार कमी असताना एआरटी सुरू झाल्यास हा धोका अधिक असतो. मात्र औषधांना दाद न देणारा क्षयरोग, दुसरा संसर्ग आणि चुकलेले डोस या शक्यता आधी तपासाव्या लागतात, म्हणून भावाला उद्याच एआरटी केंद्रात दाखवा. त्रास जास्त असेल तर तिथले डॉक्टर काही आठवडे प्रेडनिसोलोन हे दाह कमी करणारे स्टेरॉइड देऊ शकतात; ते दुकानातून परस्पर आणू नका. तीव्र डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा धाप असेल, तर मात्र उद्याची वाट न पाहता आत्ताच रुग्णालय गाठा.

समुपदेशक: क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनमुळे एआरटीतल्या डोल्युटेग्रावीर या औषधाची रक्तातली पातळी घटते, म्हणून ५० मिलिग्रॅमची गोळी साधारणपणे दिवसातून दोनदा दिली जाते. भावाची दुसरी गोळी चुकत तर नाही ना, हे त्याच्याशी न रागावता बोलून पाहा आणि केंद्रात जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.