मदत हवी आहे: बॉर्डर कोली कुत्री सावल्यांमागे लागलीये

वय १४ महिने, राहणं फ्लॅटमध्ये. फिरणं सकाळी ४५ मिनिटं, संध्याकाळी तासभर. अर्धं जेवण स्नफल मॅटमधून (कापडी झालरींत खाऊ लपवून हुंगत शोधायला लावायचं अंथरूण), उरलेलं टॉवेलच्या गुंडाळीत लपवून. खेळायला लेझरचा ठिपका कधीच वापरलेला नाही; त्यात हाती काही लागत नाही, म्हणून हाच सावल्या-उजेडामागे लागायचा नाद जडतो. तरी आठवडाभर पंख्याची सावली भिंतीवर हलली की मान खाली, नजर रोखलेली, हाक ऐकूच येत नाही. चेंडूफेक वाढवली तर दमायचं सोडून आणखी चेकाळते. सध्या पडदे ओढून ५-५ मिनिटं वासाचे खेळ चालू आहेत. हर्डिंग ब्रीडवाल्यांनो (मेंढ्या-गुरं हाकणाऱ्या जातीची कुत्री पाळणाऱ्यांनो), मोठा चेंडू नाकाने ढकलायचा ट्रायबॉल पार्किंगमध्ये जमतो का? आणि चटईवर शांत बसवताना खाऊ सुरुवातीला किती सेकंदांनी द्यायचा?