मदत हवी आहे : बुद्धिबळात पहिली चाल ई-४ नाहीतर डी-४च का?

नमस्कार मंडळी, नेरुळहून विचारतोय. भाची बुद्धिबळ शिकतेय. पांढऱ्याला पहिल्या चालीला २० पर्याय, तरी बहुतेक जण ई-४ (राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) किंवा डी-४च (वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) का खेळतात, हा तिचा प्रश्न. ई-४ने मधली घरं दाबली जातात, वजीर आणि उंटाला वाट मिळते, इथवर मी सांगितलं. (जी-४ का नको, ते तिला हरल्यावर आपोआप कळलं!) पण १९७२च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत बॉबी फिशरने बोरिस स्पास्कीविरुद्धचा सहावा डाव सी-४ने (वजिराकडच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) सुरू करून जिंकला. मग सी-४ मागे का? चालीतच काही कमी आहे, की सगळे शिकवतात ई-४ म्हणून सगळे खेळतात ई-४? मला यातलं दुसरं कारणच खरं वाटतं. नऊ वर्षांच्या मुलीला पटेल असं कुणी समजावेल का? सीवूड्स-नेरुळकडचे शिकवणारेही सुचवा.