शब्दचर्चा : शिस्त लावतात, पाळतात, ‘घेतात’ कधी?

कोथरूडकर

मुलगी कॉलेजच्या एनसीसीत आहे. परवा तिचं पहिलंच फायरिंग होतं. पॉइंट टू टू रायफल, जमिनीवर पालथं झोपायचं, समोर कागदी टार्गेट. मागून उस्तादांचा आवाज आला, “शिस्त लो!” पोरीने पाय जुळवले, कोपरं आत घेतली, मान ताठ केली. तिला वाटलं, आपण गबाळ्यासारख्या पडलोय म्हणून ओरडतायत. शेजारची सीनियर मुलगी तोवर एक डोळा मिटून तयार होती.

मराठीत आपण शिस्त लावतो, पाळतो, मोडतो, अंगी बाणवतो. ती ‘घेतात’ हे मी तरी पहिल्यांदा ऐकलं. त्यात एनसीसीचं ब्रीद ‘एकता और अनुशासन’, म्हणजे आपल्या शिस्तीला तिथे अनुशासन म्हणतात. मग ही रायफलवाली शिस्त वेगळी, की शब्द एकच आहे?

खडकीकर

ताई, शब्द एकच. मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातून, हवालदार म्हणून निवृत्त झालो, काही वर्षं इथेच खडकीत रिक्रूटांना शिकवलं. मराठी मुलगा पहिल्या दिवशी हमखास तुमच्या मुलीसारखाच ताठ होतो. फौजेच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम. रायफलवर नेम धरायला दोन साइट असतात; मागच्या साइटचं भोक, पुढच्या साइटचं टोक आणि टार्गेटवरचा बिंदू एका ओळीत आणायचे. नजर ठेवायची पुढच्या टोकावर, टार्गेट जरा धूसर दिसलं तरी चालतं. श्वास अर्धा सोडून तिथेच धरायचा आणि चाप हळूहळू दाबत न्यायचा. झटका दिला की शिस्त बिघडली.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन पटत नाही. सुरुवातीला बुल, म्हणजे टार्गेटचा मधला बिंदू, लागली की नाही हे आम्ही बघतच नाही. एकाच्या पाचही गोळ्या मध्यापासून चार बोटं लांब, पण सगळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लागल्या, तर त्याला शाबासकी. त्याची साइट थोडी सरकवली की काम झालं. दुसऱ्याची एक गोळी बरोबर मध्यात आणि बाकीच्या चार, चार दिशांना, तर तो पुन्हा झोपणार. त्याची मधली गोळी नशिबाने लागलेली असते. पाचही वेळा गाल रायफलच्या बटावर त्याच जागी टेकला का, श्वास तिथेच थांबला का, याला शिस्त म्हणायचं. मला तरी यात तुमची शिस्त आणि आमची शिस्त वेगळी करता येत नाही.

नारायण पेठ

काकांनी कामाचं सांगितलंच आहे, मी शब्दाचं सांगतो. मूळ फारसी. त्या भाषेत शस्त म्हणजे अंगठा, धनुष्याची दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात घालतो ते कडं, आणि त्यावरून नेम. तिरंदाजी मागे पडली, पण नेमाचा अर्थ बंदुकीने पुढे चालवला. जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणेच.

मग नेमावरून वळणापर्यंत शब्द कसा आला? माझ्या मते दुवा सरळ ओळीचा आहे. ‘झाडं एका शिस्तीत लावलीत’ असं आपण म्हणतो, तेव्हा झाडांना कुणी वळण लावलेलं नसतं. ती एका रेषेत असतात, इतकंच. ओळीवरून शब्द रांगेत उभ्या शिपायांवर गेला असावा आणि तिथून घरातल्या मुलांवर. मराठीने पुढचा अर्थ धरला आणि मागचा सोडला. फौजेच्या हिंदीने मागचाच जपला.

कवायतीचंही असंच आहे. अरबी कायदा, त्याचं अनेकवचन कवाइद, म्हणजे नियम. आपण त्यातला नियम विसरलो आणि पाय आपटणं तेवढं ठेवलं. या शब्दावर माझा फार जीव आहे, कारण कोर्टातला कायदा आणि मैदानावरची कवायत सख्खी भावंडं आहेत हे शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं.

सिंहगड रोड

पदांच्या नावांचाही विचार करा. शिवाजी महाराजांच्या पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार. गडाचा कारभार बघणाराही हवालदारच. नाईक आणि हवालदार ही पदं भारतीय सैन्यात आजही आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास १७६८ पासूनचा, म्हणजे कंपनीच्या फौजेतला, पण तिथेही हे शब्द टिकले. शिपाई मात्र आपण ऑफिसात चहा आणायला बसवला. मला ते खटकतं.

शिस्तीबद्दल बोलायचं तर महाराजांचं चिपळूणच्या छावणीला गेलेलं पत्र वाचावं. ते जुमलेदार आणि हवालदारांनाच लिहिलेलं आहे. दाणागोटा आत्ताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरातलं धान्य, गवत, भाजी न्यायला लागाल आणि लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात घेऊन पळेल आणि गवताच्या गंजी पेटतील. उंदराच्या वातीपर्यंत विचार करणारा सेनापती! नुसतं ‘खबरदार’ लिहून भागलं असतं, पण प्रत्येक हुकमामागचं कारण दिलं आहे. त्यात शिस्त हा शब्द शोधत बसू नये, पत्रभर तीच आहे.

हडपसर

हे सगळं मान्य. पण आमच्या शाळेत ‘शिस्त लावतो तुला’ म्हणजे छडी, एवढंच कळायचं. तोच अर्थ डोक्यात बसलाय.

नारायण पेठ

छडीला शब्द शिक्षा. गंमत अशी की संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवण, हिंदीतही शिक्षण, आणि आपण तिला दंड करून टाकलं. दोन्ही शब्द मराठीत येऊन कडक झाले. अनुशासनातही ‘शास्’ आहे, शिकवणे आणि ताब्यात ठेवणे दोन्ही.

खडकीकर

हडपसरकर, रगडा आम्हालाही मिळायचा, खोटं कशाला सांगू. रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. पण त्याने नेम कुणाचाच सुधारला नाही. आमचे सुभेदारसाहेब रेंजवर आधी स्वतः चिखलात झोपायचे, पाच गोळ्या मारायचे, टार्गेट मागवून सगळ्यांच्या हातात द्यायचे, मगच आम्हाला झोपवायचे. पन्नाशीच्या आसपासचा माणूस. पावसाळ्यात त्यांची वर्दी आमच्याआधी भिजलेली असायची. त्यानंतर कुणाची टाप होती टंगळमंगळ करायची?

कोथरूडकर

काका, हे मुलीला वाचून दाखवलं. तिच्या ग्रुपसाठी ती सूचनांचा मराठी कागद करतेय. ‘शिस्त लो’चं काय लिहायचं, ‘नेम धरा’?

खडकीकर

समजावताना नेम धरा म्हणा. हुकूम मात्र ‘शिस्त लो’च ठेवा. रेंजवर हुकमाचा शब्द बदलला की मूल अर्थ लावायला थांबतं, आणि तेव्हा बोट चापावर असतं.

कोथरूडकर

तसंच लिहिते म्हणाली. तिचं टार्गेट आणलंय घरी. चार भोकं डावीकडे खाली, एकमेकांना चिकटून. पाचवं पार वर, कोपऱ्यात. मी काही विचारायच्या आत स्वतःच त्यावर बोट ठेवून म्हणाली, “ही झटक्याने गेली.”