कुमार कादंबऱ्यांच्या बैठकीला साजेसे पेय : कॉकटेल ठेवावे की सरबत?

टिळकवाडीची वाचक (प्रश्न)

नमस्कार. बेळगावात आम्ही नऊ जणी गेली तीन वर्षे महिन्यातून एकदा कोणा एकीच्या घरी जमतो आणि ठरलेल्या पुस्तकावर बोलतो. या वर्षी लहानपणी वाचलेली किंवा वाचायची राहून गेलेली कुमारवयातील पुस्तकेच पुन्हा हाती घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे. ल्युसी मॉड माँटगोमेरी यांची ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’, स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ ही आमची यादी आहे. ‘वनवास’ हा कथासंग्रह असला, तरी सगळ्या कथांत येणाऱ्या लंपन या मुलामुळे तो आम्हाला कादंबरीसारखाच सलग वाटतो, म्हणून त्याला यादीत जागा दिली.

आमच्यापैकी दोघींनी असे सुचवले आहे, की प्रत्येक पुस्तकाला साजेसे एक कॉकटेल त्या दिवशी करावे. कल्पना मला आवडली, कारण चव आणि वास यांच्यामुळे वाचलेले अधिक काळ लक्षात राहते असा माझा अनुभव आहे. अडचण अशी, की तिघींच्या तेरा ते पंधरा वर्षांच्या मुली यंदापासून बैठकीला येणार आहेत. ज्यांच्यासाठी ही पुस्तके लिहिली गेली, त्यांनाच एका बाजूला बसवून आपण पेले भरायचे, हे मला पटत नाही. मैत्रिणींची हौस मोडायचीही इच्छा नाही. पुस्तकाला पेय जोडताना नेमके काय पाहावे, आणि एकच पेय दोन्ही वयांना चालेल असे करता येते का, यावर जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

खानापूरचा वाचक

ताई, तुमच्या यादीतील पहिल्याच पुस्तकात तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. ‘अ‍ॅन’ १९०८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात अ‍ॅन आपल्या जिवलग मैत्रिणीला, डायनाला, चहाला बोलावते आणि रासबेरीचे सरबत समजून चुकून घरी केलेली करंट्स नावाच्या फळांची वाइन तिच्यापुढे ठेवते. डायना त्या गोड, लाल पेयाचे तीन पेले संपवते, झिंगलेल्या अवस्थेत घरी जाते आणि तिची आई दोघींची मैत्रीच तोडून टाकते. दोन्ही पेये लाल, दोन्ही गोड, आणि त्यांतला फरक न कळल्यामुळे एका मुलीचे जग काही काळ उद्ध्वस्त होते. ज्या पुस्तकात हा प्रसंग आहे, त्याच्या बैठकीत मुलींच्या हाताशी दोन सारख्या दिसणाऱ्या लाल सुरया ठेवू नयेत, असे मला मनापासून वाटते.

रासबेरी आपल्याकडे कुठून आणायची? मी कोकमाचे सरबत सुचवेन. आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यात कोकम होते आणि एप्रिल-मे महिन्यांत पिकलेली फळे मिळतात. फळे धुऊन, कोरडी करून, बिया काढून साले साखरेत मुरवावीत. फळाच्या रसाने साखर विरघळते आणि गडद लाल पाक तयार होतो. बाजारातून आणणार असाल, तर बाटली नीट वाचून घ्या. कोकम आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, तो सोलकढीसाठी असतो. सरबताला साखरेतला पाकच हवा. एका पेल्याला साधारण ३० मिलिलिटर पाक, १५० मिलिलिटर गार पाणी, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडे काळे मीठ पुरे होते. कोकम आंबट असल्यामुळे ते तांब्या-पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनिअमच्या भांड्यात अजिबात ठेवू नये. काच किंवा स्टील वापरावे.

निपाणीकर

मी थोडे वेगळे मत मांडतो. मोठ्यांच्या बैठकीत मोठ्यांनी बेताने घेतले, तर त्यात पुस्तकाचा अपमान होत नाही, आणि ‘ट्रेझर आयलंड’सारख्या पुस्तकात तर रमचा उल्लेख टाळताच येत नाही. ब्रिटिश आरमारात खलाशांना रोज रम मिळत असे. १७४० साली अ‍ॅडमिरल व्हर्नन यांनी ती निर्जळ न देता एकास चार या प्रमाणात पाणी घालून द्यावी असा हुकूम काढला आणि त्या पातळ रमला पुढे ग्रॉग हे नाव पडले. त्यात लिंबू आणि साखर घालण्याची मुभाही त्यांनी खलाशांना दिली होती.

आता आपल्याकडे पाहा. रम उसाच्या मळीपासून होते, आणि चिकोडी, अथणी, रायबागपर्यंतचा आपला सगळा पट्टा उसाचा आहे. रामनवमीला आपण गूळ, सुंठ, वेलदोडा आणि लिंबू घालून जे पानक करतो, त्याची चव ग्रॉगच्या फार जवळची आहे. म्हणून पानक सर्वांसाठी एकाच मोठ्या भांड्यात करावे, मुलींना तसेच द्यावे, आणि ज्या मोठ्यांना हवी असेल त्यांनी आपल्या पेल्यात ३० मिलिलिटर रम नंतर घालून घ्यावी. एक लिटर पाण्याला १५० ग्रॅम गूळ, अर्धा चमचा सुंठ, चार वेलदोडे आणि एका लिंबाचा रस हे माझ्या घरचे प्रमाण आहे. गूळ विरघळल्यावर पाणी फडक्यातून गाळून घ्यायला विसरू नका, तळाशी कचरा राहतो.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. एप्रिलमध्ये कोणीतरी हमखास चोर्ल्याच्या घाटातून गोव्याची हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, आणण्याची सूचना करील. परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यातील दारू सीमा ओलांडून आणणे हा गुन्हा आहे. पुस्तकाच्या बैठकीसाठी ती जोखीम कोणीही घेऊ नये.

शहापूरची निवृत्त शिक्षिका

निपाणीकरांची एका भांड्याची युक्ती चांगली आहे. मात्र ‘ट्रेझर आयलंड’ला रम जोडण्यास माझा विरोध आहे, आणि तो केवळ सोवळेपणाचा नाही. त्या कादंबरीत रम कोण पितो? बिली बोन्स हा जुना समुद्री चाचा. डॉक्टर लिव्हसी त्याला स्पष्ट बजावतात, की रम म्हणजे तुझा मृत्यू, आणि तो ऐकत नाही. जिम हॉकिन्स हा त्या रमकडे भीतीने पाहणारा मुलगा आहे. आपण कादंबरी त्याच्या नजरेने वाचतो, तर पेय बिली बोन्सचे का असावे?

कथेला खरे वळण मिळते ते सफरचंदांच्या पिंपात. सफरचंद घ्यायला जिम त्या मोठ्या पिंपात उतरतो, आणि आत बसलेला असतानाच जहाजावरचा आचारी लाँग जॉन सिल्व्हर याचा कट त्याच्या कानी पडतो. म्हणून त्या दिवशी सफरचंदाचा रस, त्यात दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि आले घालून कोमट द्यावा. बेळगावच्या पावसाळ्यात तर तो फारच छान लागेल. पेय निवडताना मी एवढेच पाहते, की पुस्तकातील मूल त्या क्षणी कशाला हात घालते. पुस्तकात ज्याचे नाव सर्वांत जास्त वेळा येते, तेच पेय योग्य असते असे नाही.

याच दृष्टीने ‘पाडस’ पाहा. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या या कादंबरीला १९३९ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. फ्लॉरिडाच्या रानात राहणाऱ्या ज्योडीच्या घराला विहीर नाही. जमिनीतील एका खोल खळग्यातून पाणी आणावे लागते, आणि आईला आयुष्यभर दाराशी विहीर हवी असते. या पुस्तकाला मी सरबतही जोडणार नाही. रात्री माठात वाळ्याची जुडी टाकून ठेवावी आणि सकाळचे ते सुगंधी पाणी द्यावे. ज्योडीला शेवटी जे करावे लागते, ते वाचून झाल्यावर गोड काही घशाखाली उतरतही नाही. मी वर्गात हे पुस्तक वाचून दाखवले होते, तेव्हा शेवटच्या दिवशी बराच वेळ कोणी बोलले नव्हते.

फास्टर फेणेला मात्र गोटी सोडा द्या. त्याच्या तोंडचा ‘ट्टॉक’ सर्वांना पाठ असतो, आणि गोटी आत ढकलताना सोड्याच्या बाटलीचा येणारा आवाज त्याच्याशी चांगला जुळतो. फेणे या आडनावावरून कोणी फेणी सुचवली, तर ती केवळ नावाची जुळणी होईल. आपापली बाटली उघडण्याचे काम मुलींनाच द्यावे.

टिळकवाडीची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. बाईंनी सांगितलेली कसोटी मैत्रिणींना वाचून दाखवली आणि कॉकटेल सुचवणाऱ्या दोघींनाही ती पटली. पहिली बैठक ‘अ‍ॅन’ची, आणि तीत फक्त कोकम. निपाणीकर, आपले पानक मी ‘वनवास’साठी ठेवते आहे. लंपनच्या बोलण्यात मराठीच्या जोडीने कानडी शब्द येतात, आणि पानक हा शब्द आमच्या घरी आणि शेजारच्या कन्नड घरी सारखाच उच्चारला जातो. सोबत त्यांच्याकडची कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर, हीही मागून आणेन. रम घालायची की नाही हे त्या दिवशी मोठ्या ठरवतील, पण मुली घरी गेल्यानंतर, असे आमच्यात ठरले आहे. एक विचारायचे राहिले. वाळा आमच्या बाजारात मिळतो, पण मातीचा वास येतो. तो कसा घालवावा?

खानापूरचा वाचक

ताई, मुळांना चिकटलेली माती तशीच राहिली की तो वास येतो. जुडी सोडून मुळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, तासभर भिजत ठेवून ते पाणी टाकून द्या, उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच माठात घाला. एक जुडी दोन-तीन दिवस वापरून पुन्हा उन्हात टाकली, तर बराच काळ टिकते. कोकमासाठी मात्र उशीर करू नका. मृगाचा पाऊस लागला की फळे पाणीदार होतात आणि पाक टिकत नाही.