सल्ला हवा: उत्तर कन्नड जिल्हा, मे महिना, चार दिवस, सोबत गुडघेदुखीवाले बाबा

चहाखारी
नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्याहून रेल्वेने जायचंय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझे बाबा (वय 76, दोन्ही गुडघे कुरकुरतात). आजोबा कारवारला कचेरीत कारकून होते. 1956 साली कारवार म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा बदली घेऊन इकडे आले. बाबा तेव्हा सात वर्षांचे, त्यानंतर तिकडे पाऊल नाही. बजेट तिकिटांसकट 25 हजार, ताणणार नाही. मुक्काम कुठे करावा, काय बघावं, काय टाळावं?

समुद्रवेडा
गोकर्ण. डोळे मिटून गोकर्ण. आम्ही ओम बीचच्या वरच्या अंगाला राहिलो, रात्रीचे 9 हजार पडले पण खिडकीतून सूर्यास्त! दुसऱ्या दिवशी कुडले, हाफ मून, पॅराडाईज असं टेकडीटेकडीने चालत गेलो. आयुष्यात एकदा कराच.

चहाखारी
रात्रीचे 9 हजार? चार रात्रींत आमचं बजेट संपून वर उधारी होईल. आणि टेकड्या चढायला बाबांना पालखी करू का?

घाटावरचा
मेमध्ये किनारा? घामोळ्यांची हौस असेल तर जा. वर चढा, शिरसी-यल्लापूरला. हव्यक ब्राह्मणांच्या घरी उतरा, ताटात तंबळी (ताकातली पातळ चटणी), वर अप्पेहुळी (कैरीचं आंबट सार). तोडदेवु करताना लेकीला दाखवा: चुलीवर मडकं पालथं तापवायचं, उसाचा रस नि तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण फडक्याने त्यावर एकदाच ओढायचं, कागदासारखी पोळी सुटून येते. माझी पहिली पोळी मडक्यालाच चिकटून बसली, यजमानीणबाई अजून हसतात.

समुद्रवेडा
त्या किनारा विचारतायत, तुम्ही घाट चढवताय.

घाटावरचा
त्या जिल्हा विचारतायत. शीर्षक वाचा.

दोन_बाटल्या
गोव्यात उतरून जाणार असाल तर बॅगेत गोव्याची दारू ठेवू नका. सीमेवर तपासतात. मेव्हण्यासाठी घेतलेल्या दोन बाटल्या गेल्या, वर अर्धा तास उन्हात उभं राहून प्रवचन ऐकलं.

चहाखारी
आमच्यात कोणी घेत नाही हो.

दोन_बाटल्या
मीही घेत नाही. मेव्हणा घेतो.

जुना_इलाखा
कारवार 1862 पर्यंत मद्रास इलाख्यात होतं, मग मुंबई इलाख्यात आलं, 1956 ला म्हैसुरात. म्हणजे जवळजवळ 94 वर्षं आपलंच. तुमच्या आजोबांच्या पिढीची कचेरी मुंबईकडे तोंड करून होती. आपल्या लोकांनी तेव्हा जोर लावला असता तर आज हा धागा 'महाराष्ट्रातली सहल' या सदरात असता.

काळीकाठ
मी कारवारचीच. 'आपलंच' म्हणजे कुणाचं? घरी कोंकणी, शाळेत कन्नड, आजीच्या पोथ्या मराठीत. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आताही नको.

जुना_इलाखा
कोंकणी ही मराठीचीच

काळीकाठ
वाक्य पूर्ण करू नका, प्लीज. चहाखारी, कामाचं सांगते. मत्स्यगंधा एक्सप्रेस कारवारला अपरात्री पोचते, तेव्हा रिक्षावाल्याशी हॉटेलमार्फत आधीच बोलून ठेवा. स्टेशन गावाबाहेर आहे. बाबांना संध्याकाळी टागोर किनाऱ्यावर न्या, सपाट आहे, बसायला जागा आहे. रवींद्रनाथ तरुणपणी इथे भावाकडे राहिले होते, भाऊ जिल्हा न्यायाधीश होता. लेकीला तिथेच 'चपळ' युद्धनौकेच्या आत फिरता येतं. पलीकडे काळी नदीच्या मुखावर सदाशिवगड दिसतो. जुना पूल 7 ऑगस्ट 2024 च्या रात्री नदीत कोसळला, तो बाबा शोधतील तर सांगून ठेवा. अर्थात त्यांच्या लहानपणी तोही नव्हता, तरीने जात असतील.

लाल_डबा
बायकांना बस फुकट आहे ना तिकडे? अर्धं बजेट वाचलं की.

काळीकाठ
फक्त कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना. ओळखपत्र बघतात.

लाल_डबा
माझ्या मावशीला दिली होती. (मावशी हुबळीची आहे, खरं म्हणजे.)

तिसऱ्यावाला
कुमट्याला उतरा, स्वस्त आहे. मिर्जान किल्ला बघा: जांभ्या दगडाचा, आत हिरवळ, बाबांना हळूहळू जमेल, मात्र सकाळी नऊच्या आत, सावलीचा पत्ता नाही. गेरसोप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीचा. मिरीच्या व्यापारावर तिची अशी पकड होती की पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणत. तिथून अघनाशिनीच्या खाडीकडे वळा. या नदीवर एकही धरण नाही, म्हणून खाडीत तिसऱ्या अजून भरपूर. ओहोटीला बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून काढतात. सानीकट्ट्याला मिठागरं, मेमध्ये पांढरे ढीग दिसतील. तिसऱ्या घेताना एकमेकींवर आपटून बघा, बद्द आवाज आला तर सोडा. मी एकदा बघितलं नाही, बाकी सांगत नाही.

समुद्रवेडा
+1, पण गोकर्ण जवळच आहे तिथून.

भाविक_नंबर_वन
मुरुडेश्वर राहिलं! 123 फुटी शंकर, 20 मजली गोपुर आणि त्यात लिफ्ट. गुडघ्यांचा प्रश्नच मिटला.

घाटावरचा
लिफ्टच्या रांगेत दीड तास उभं राहिलं की गुडघ्यांचा प्रश्न नव्याने सुरू होतो. अनुभव आहे.

धबधबा
जोग बघाच, होन्नावरहून सरळ रस्ता.

काळीकाठ
मेमध्ये जोगला नुसता कडा दिसेल. आणि पाणी बघायला पावसाळ्यात येऊ म्हणाल तर अंकोल्याजवळच्या शिरूरची दरड विसरू नका, 16 जुलै 2024. हायवेवरच कोसळली होती.

आंबटगोड
कोणीच कसं बोलत नाही? मे महिना म्हणजे अंकोल्याचा करीइशाड! पातळ काळपट सालीचा आंबा, आत गर केशरी आणि नुसता मध. तिथल्या हालक्की जमातीच्या बायका गळ्यात मण्यांच्या माळांचा ढीग घालून हायवेला टोपल्या मांडून बसतात. टिकत नाही, म्हणून मुंबईत मिळत नाही. तिथेच वाकून खायचा, कोपरापर्यंत ओघळ.

जुना_इलाखा
आंब्यासाठी कोणी कर्नाटकात जातं का? हापूस मेला काय?

आंबटगोड
हापूस खोक्यात राहतो. हा खोक्यात राहत नाही.

जुना_इलाखा
हे भांडण दुसऱ्या धाग्यावर.

चहाखारी
सगळ्यांचे आभार. काल रात्री बाबांना धागा वाचून दाखवला. पूल, कचेरी, टागोर, सगळ्याला नुसतं 'हं'. करीइशाडला मात्र उठून बसले. शेजारची हालक्की बाई पावलीला टोपली द्यायची आणि आजी ती गवतात घालून पलंगाखाली ठेवायची, बाबा रात्री पलंगाखाली शिरायचे. ही गोष्ट मला 43 वर्षांत पहिल्यांदा कळली. तर मुक्काम अंकोला, चारही रात्री. स्टँडजवळचं साधं लॉज मिळालंय, 1100 रुपये खोली, दोन खोल्या. एक दिवस बसने कारवार, बाकी ठरवलेलं नाही. गोकर्ण, मुरुडेश्वर, जोग सगळं रद्द. आंबटगोड, ते शेकड्याने देतात की टोपलीने? आणि गवत मागितलं तर देतील का?

आंबटगोड
टोपलीने. गवत काय, बसायला पाटही देतील. घासाघीस करू नका, बाबांना करू द्या.

समुद्रवेडा
अंकोल्याहून गोकर्ण जवळच आहे बरं का.