‘मी सुखात होतो’ की ‘मी सुखात होते’? मेरी कोण : तो, ती की ते?

सबटायटलवाली :
आई आणि भाचा मिळून ‘वन पीस’ ही समुद्री चाच्यांची जपानी कार्टून मालिका बघतात. भाच्याला जपानी ऐकायचं असतं, आईला मराठी ओळी लागतात, त्या मी लिहून देते. निवडक भागांच्याच, हजाराच्या वर भाग आहेत, सगळे करायला एक जन्म पुरायचा नाही.

312व्या भागापाशी (2007 सालचा) गाडी अडली आहे. चाच्यांचं लाडकं जहाज ‘गोइंग मेरी’ मोडलंय. कणाच गेलाय, त्यामुळे सुतारांनीही हात टेकलेत. समुद्राचा तळ अंधारा आणि एकाकी, तिथे मेरीला असंच जाऊ द्यायचं नाही, म्हणून कप्तान लफी स्वतःच्या हाताने जहाज पेटवतो. वरून बर्फ पडतंय आणि जळता जळता जहाज बोलायला लागतं. शेवटी म्हणतं, ‘बोकु वा होन्तोउ नि शिआवासे दात्ता.’

मी लिहिलं, ‘मी खरंच सुखात होते.’ भाचा उखडला : “मेरी स्वतःला ‘बोकु’ म्हणतो, मुलगा आहे तो!” आई डोळे पुसत म्हणाली, “बोट ती बोट. जळाली म्हण, गेली म्हण. गेला काय?” आता मी काय लिहू?

खाडीकाठ :
आईंना माझं मत. आमच्या रेवसकडे आजही ‘रामदास बुडाली’ असंच म्हणतात. 17 जुलै 1947, ऐन आषाढ, सहाशेच्या वर माणसं गेली. नाव पुरुषाचं, तेही संताचं, पण क्रियापद बोटीचं. ‘रामदास बुडाला’ म्हटलं तर माणूस विचारील, कोण रामदास? विक्रांतचंही तेच. 2014 साली जुनी ‘विक्रांत’ मुंबईत तोडली, 2022 साली नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. नावाला कोण विचारतो? नाव ज्या जातीच्या वस्तूला दिलं, तिचं लिंग चालतं.

काना_मात्रा :
नियम मान्य, पण वस्तूची जात कुठली ते आधी ठरवा. बोट, होडी, नौका, गुराब ‘ती’. मचवा, पडाव ‘तो’. जहाज, गलबत, तारू, शिबाड ‘ते’. स्वतः प्रश्नकर्तीने वर ‘जहाज बोलायला लागतं’ लिहिलंय, म्हणजे मेरी ‘ते’! आणि मग खरी पंचाईत : मराठीत नपुंसकलिंगी ‘मी’ बोलतच नाही. ‘मी सुखात होतं’ कुणाच्या तोंडी ऐकलंय? पाळण्यातलं पोर ‘ते’ असतं, बोलायला लागलं की त्याला ‘तो’ नाहीतर ‘ती’ व्हावंच लागतं.

मडगांवकान्न :
कोकणीत तुमची पंचाईत होत नाही. चेडूं म्हणजे मुलगी, आणि ‘तें आयलें’. तरुण पोरगी स्वतःबद्दलही ‘हांव आयलें’ म्हणते. मेरी गोव्यात जळाली असती तर प्रश्नच नव्हता. 😊

पंचगंगा :
कोल्हापुरात बायका ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. ‘होतो’ लिहा आणि आईंना सांगा, मेरी शाहूपुरीतली आहे.

काना_मात्रा :
@पंचगंगा, सबटायटलमध्ये तळटीप द्यायला जागा नसते हो.

तोक्योरिटर्न :
भाच्याचं निम्मं बरोबर आहे. जपानी क्रियापदाला लिंग नसतं. ‘दात्ता’ सगळ्यांना तेच. जो काही कल दिसतो तो सर्वनामात. ‘बोकु’ मुख्यतः मुलगे आणि पुरुष वापरतात, पण त्यात एक मवाळपणा आहे. लफी स्वतःला ‘ओरे’ म्हणतो, रांगडं. मेरीचं ‘बोकु’ ऐकताना पुरुषापेक्षा लहान मूल डोळ्यापुढे येतं. आणि ते मुद्दाम आहे. आधी आकाशबेटावर लफीच्या टोळीतल्या उसॉपला रात्री धुक्यात कुणीतरी हातोडीने जहाज ठोकताना दिसलं होतं, आठवतंय? पुढे जहाजं बांधणारा फ्रँकी त्याला सांगतो की तो ‘क्लाबाउटरमान’, जहाजात वसणारा जीव. ही समजूत मुळात उत्तरेकडच्या जर्मन खलाशांची. इथे तो रेनकोट घातलेल्या पोरासारखा दाखवलाय. म्हणजे बोलतंय ते लाकूड नाही, आत राहणारं लेकरू आहे.

माझं म्हणाल तर लिंगापेक्षा आधीची ओळ जास्त अवघड. ‘मोत्तो मिन्ना ओ तोओकु मादे हाकोन्दे आगेताकात्ता.’ ती कशी केलीत?

सबटायटलवाली :
‘तुम्हाला अजून लांब न्यायचं होतं मला.’

तोक्योरिटर्न :
‘हाकोन्दे’ म्हणजे नेणं, ते आलं, ‘आगेरु’ सुटलं. ते दुसऱ्यासाठी काही करून देणं आहे. इंग्रजीत सांडतं, पण आपल्याकडे अगदी तयार जोडणी आहे : करून देणे, आणून देणे. ‘तुम्हाला अजून लांब पोचवून द्यायचं होतं.’

खाडीकाठ :
‘पोचवून द्यायचं’ झकास. तरीवाला म्हणेल तसं वाटतं.

काना_मात्रा :
आणि बघा, या ओळीत लिंग आलंच नाही! ‘मला … द्यायचं होतं’, बोलणारा कुणीही असो. तीच युक्ती शेवटच्या ओळीला लावा : ‘माझे दिवस खरंच सुखात गेले.’ ‘दिवस’ पुल्लिंगी, मेरी मोकळी.

तोक्योरिटर्न :
मोकळी नाही, गायब. मूळ ओळ ‘बोकु वा’ने उघडते. इतके भाग जवळजवळ मुकं असलेलं जहाज ‘मी’ म्हणतंय. तो ‘मी’ काढला तर ओळ म्हाताऱ्याच्या निरोपाची होते.

सबटायटलवाली :
पटलं. ‘माझे दिवस सुखात गेले’ हे माझे आजोबा म्हणाले असते. रात्री दोघांना तीन ओळी वाचून दाखवल्या. भाच्याने ‘होते’ला नाक मुरडलं, आईने ‘होतो’ला. तिसरीवर दोघं काही बोलले नाहीत, म्हणून तीच ठेवली :

‘चुकलं माझं. तुम्हाला अजून लांब पोचवून द्यायचं होतं.
पण मी… मला खूप सुख मिळालं.’

टिंबांपाशी आवाज जरा थांबतो, तिथे ती ओळ बसते. भाच्याचा नवीन हट्ट आहे की ‘नाकामा’ला, म्हणजे टोळीतल्या सोबत्यांना, ‘मित्र’ लिहायचं नाही. आई म्हणते ‘गडी’ लिही. त्यासाठी वेगळा धागा काढते.